थंड सकाळी पहिला स्टार्ट फसतो, दुसरा लागतो: दोष इंधनाच्या घट्टपणाचा की आणखी कशाचा?

रात्रभर उघड्यावर उभं राहिलेलं टर्बोप्रॉप विमान किंवा हेलिकॉप्टर. ठिकाण लेहसारखं, महिना जानेवारीचा, पहाटेचा पारा उणे १५. स्टार्ट दिला की इंजिन फिरतं, ठिणगी पाडणाऱ्या इग्नायटरची टकटक ऐकू येते, फ्युएल फ्लो दिसतो, पण मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेळात एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा हलत नाही. स्टार्ट सोडून द्यावा लागतो. ड्राय मोटरिंग (इंधन न सोडता इंजिन नुसतं फिरवणं), स्टार्टरला विश्रांती, पुन्हा प्रयत्न. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वेळी इंजिन पेट घेतं आणि मग दिवसभर तक्रार नाही. इंधन फवारणारी नोझल उतरवून शॉपला, म्हणजे दुरुस्तीच्या कार्यशाळेत, पाठवली तर ‘सर्व्हिसेबल’चा टॅग लावून परत येते. लॉगबुकात ‘दोष आढळला नाही’ अशी नोंद होते. पुढची थंडीची लाट आली की तेच इंजिन, तोच स्नॅग, म्हणजे तोच बिघाड.

अशा वेळी रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागी, हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘इंधन घट्ट झालंय’. ते खोटं नाही. पण तिथेच तपास थांबवला तर हा स्नॅग कधीच सुटत नाही, आणि म्हणूनच तो सविस्तर लिहायला घेतला. इंधन किती घट्ट झालं हे आकड्यात काढता येतं, आणि तो आकडा काढल्याशिवाय इंधनावर खापर फोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

आकडा कसा काढायचा

आपल्याकडे मिळणारं एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन, हे जेट ए-१. त्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये श्यानतेची, म्हणजे व्हिस्कॉसिटीची, मर्यादा उणे २० अंश सेल्सिअसला कमाल ८ सेंटिस्टोक (श्यानतेचं एकक) अशी दिलेली असते. प्रत्यक्षात येणारं इंधन यापेक्षा बरंच पातळ असतं. उणे २० ला ४ च्या आसपास आकडा असलेलं इंधन अगदी नेहमीचं. आपल्या टाकीतल्या मालाचा नेमका आकडा बॅचच्या गुणवत्ता प्रमाणपत्रावर असतो. इंधन डेपोकडून तो मागून घ्या.

श्यानता तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. जितकी थंडी जास्त, तितकी ती वेगाने चढते. मानकं ठरवणाऱ्या एएसटीएम या संस्थेच्या डी ३४१ या पद्धतीत तिचा दुहेरी लॉगरिथम घेऊन आलेख काढतात, म्हणजे वक्राची रेषा होते आणि मधली तापमानं वाचता येतात. उणे २० ला ४ सेंटिस्टोक असलेल्या नेहमीच्या इंधनाचे आकडे त्या पद्धतीने साधारण असे निघतात: ४० अंशांना १.२, १५ अंशांना १.८, शून्याला २.४, उणे १० ला ३, उणे १५ ला ३.५ आणि उणे ४० ला ८ च्या जवळपास. १५ वरून उणे १५ वर येताना श्यानता दुप्पट झाली. त्याच ३० अंशांत घनता जेमतेम तीन टक्क्यांनी वाढते. म्हणूनच थंडीत गेजवरचे किलो आपल्याला फारसे खटकत नाहीत, पण नोझलला फरक लगेच जाणवतो.

आता दुसरा आकडा. इंजिन सुरू होण्यासाठी नोझलशी पोचणाऱ्या इंधनाची श्यानता १२ सेंटिस्टोकच्या आत हवी, असा इंजिन बनवणाऱ्यांचा सर्वसाधारण निकष आहे. मॅन्युअलमध्ये स्टार्टसाठी इंधनाचं किमान तापमान दिलेलं असतं, त्याच्यामागेही बहुधा हाच विचार असतो. उणे १५ ला ३.५ आणि मर्यादा १२. म्हणजे नुसत्या घट्टपणामुळे निरोगी इंजिन अडायला अजून भरपूर जागा शिल्लक आहे.

एक अपवाद लक्षात ठेवावा. स्पेसिफिकेशनमधली ८ ची मर्यादा पाळली म्हणजे उणे ४० ला १२ ची हमी मिळते, असं पुष्कळजण धरून चालतात. ते बरोबर नाही. उणे २० ला साधारण ५.५ च्या वर असलेलं इंधन उणे ४० पर्यंत १२ ओलांडतं. सिंथेटिक घटक मिसळलेल्या इंधनाच्या एएसटीएम डी ७५६६ या स्पेसिफिकेशनमध्ये म्हणूनच उणे ४० ला कमाल १२ ही वेगळी अट घातलेली आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने तयार केलेल्या सस्टेनेबल इंधनाचं मिश्रण घेऊन १९ मे २०२३ ला पुणे-दिल्ली उड्डाण झालं; असं मिश्रित इंधन उद्या रोजच्या वापरात आलं तर ही अट आपल्याही कामाची ठरेल. पण प्रमाणपत्रावर ४ असेल आणि टाकीतलं तापमान उणे १५ असेल, तर हा अपवाद तुमच्या स्नॅगला लागू नाही.

मग पहिला स्टार्ट का फसतो?

इथे एक साधा प्रश्न विचारायचा. फसलेला पहिला प्रयत्न आणि लागलेला दुसरा प्रयत्न यांच्यामध्ये काही मिनिटं जातात. तेवढ्यात टाकीतलं इंधन एक अंशानेही तापलेलं नसतं. श्यानता तीच, इंधन तेच. मग दुसऱ्या वेळी बदललं काय?

बदललं ते तेल आणि इंजिनाचा वेग. पहिल्या क्रँकिंगमध्ये गिअरबॉक्स आणि बेअरिंगमधलं गोठल्यासारखं झालेलं तेल हललेलं असतं, इंधनाच्या लाइन भरलेल्या असतात, बॅटरीही काम करून किंचित उबलेली असते. दुसऱ्या वेळी इंजिन थोडं जास्त वेगाने फिरतं. खात्री करायची असेल तर दोन्ही प्रयत्नांत इंधन सोडताना गॅस जनरेटरचा (इंजिनाच्या कॉम्प्रेसर फिरवणाऱ्या भागाचा) वेग किती टक्के होता ते लिहून ठेवा. माझा आग्रह आहे की हा आकडा पाहिल्याशिवाय नोझलला हात लावू नये.

टर्बाइनचं नेहमीचं ५ सेंटिस्टोक वर्गातलं तेल १०० अंशांना ५ आणि ४० अंशांना साधारण २५ सेंटिस्टोक असतं. त्याच तेलाला उणे ४० ला १३,००० सेंटिस्टोकपर्यंत मुभा आहे. ४० पासून उणे ४० पर्यंत इंधन सहा-सात पट घट्ट होतं, तर तेल शेकडो पट. घट्टपणाची तक्रार खरी असते, पण ती बहुतेक वेळा तेलाची असते आणि नाव इंधनाचं घेतलं जातं. लेहसारख्या ठिकाणी विमान नियमित रात्री उभं राहणार असेल, आणि इंजिनाला ३ सेंटिस्टोक वर्गातलं तेल मंजूर असेल, तर थंडीपुरता तो विचार करायला हवा. मंजूर नसेल तर तो विषय सोडून द्यायचा आणि प्रीहीटवर, म्हणजे स्टार्टआधी गरम हवेने इंजिन तापवण्यावर, भर द्यायचा.

वेग कमी झाला की फवारा का बिघडतो

इंजिन पेट घेतं ते द्रव इंधनावर नाही, त्याच्या वाफेवर. जेट ए-१ चा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याइतकी वाफ सुटायला लागणारं तापमान, किमान ३८ अंश आहे. उणे १५ ला त्याची आपसूक वाफ जवळपास होतच नाही. सगळी भिस्त नोझलने पाडलेल्या बारीक थेंबांवर. नोझलच्या आत इंधन तिरकं शिरतं, गरगर फिरतं आणि तोंडातून पोकळ शंकूसारख्या पातळ पडद्यात बाहेर पडतं. तो पडदा फाटून थेंब होतात. श्यानता वाढली की आतलं फिरणं मंदावतं, पडदा जाड होतो, शंकू अरुंद होतो. शेतात औषध मारायच्या पाठीवरच्या पंपाचा दाब उतरला की धुक्याऐवजी धार लागते, तसं हे आहे.

या प्रकारच्या नोझलच्या अभ्यासातून आलेली सूत्रं एक गोष्ट स्पष्ट सांगतात. थेंबाचा सरासरी व्यास श्यानतेच्या चतुर्थमुळाच्या प्रमाणात वाढतो, पण दाबाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे श्यानता दुप्पट झाली तर थेंब सुमारे १९ टक्क्यांनी मोठा होतो. दाब निम्मा झाला तर सुमारे ४१ टक्क्यांनी. आता हे दोन्ही एकत्र घ्या. त्यात लेहची उंची मिळवा: विमानतळ १०,६८२ फुटांवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश, आणि हवा विरळ असली की पडदा फोडायला तिची मदतही कमी. सगळं मिळून थेंब पावणेदोन पटीच्या आसपास जातो. थेंब उडून जायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तिप्पट. इग्नायटरसमोर इंधन असतं, ठिणगी असते, पण ठिणगीच्या क्षणी तिथे पुरेशी वाफ नसते.

यातला मोठा वाटा दाबाचा आहे, आणि कमी वेगात पंपाला पुरेसा दाब उभा करता येत नाही. म्हणून तपासाचा क्रम आधी वेग, मग ठिणगी, मग नोझल असा असावा. बॅटरी थंडीत रात्रभर विमानात ठेवलेली असेल तर तिची क्षमता घटलेली असते. ती काढून उबेत ठेवणं किंवा ग्राउंड पॉवर युनिट (जीपीयू, बाहेरून वीज देणारं यंत्र) लावणं हा सगळ्यांत स्वस्त प्रयोग. जीपीयू लावल्यावर स्नॅग नाहीसा झाला तर अर्धं उत्तर मिळालं.

बेंचवर पास झालेली नोझल

हा स्नॅग महिनोन्‌महिने सुटत नाही त्याचं मुख्य कारण हे, असं मला वाटतं.

शॉपमध्ये नोझलची फवारा-चाचणी खऱ्या इंधनावर होत नाही. मिल-पीआरएफ-७०२४ टाइप २ हा ठरावीक द्रव वापरतात, आणि त्याची श्यानता २५ अंशांना १.१७ सेंटिस्टोक असते. सगळ्या शॉपमध्ये मापं सारखी यावीत म्हणून हे योग्यच आहे. पण १.१७ म्हणजे आपल्या इंधनाची ४० अंशांतली अवस्था. मेमधल्या नागपूरच्या दुपारी इंधन जसं वागतं, तशा पातळ द्रवावर नोझल पास झाली. तिला काम करायचंय ३.५ वर.

तोंडाशी कार्बनचा थर जमलेली नोझल पातळ द्रवावर मर्यादेच्या काठाने का होईना, निभावून नेते. घट्ट इंधनावर तीच नोझल धार सोडते. म्हणून शॉपच्या अहवालात नुसता ‘पास’ पाहून समाधान मानू नये. शंकूचा कोन मर्यादेच्या कोणत्या टोकाला आहे, फवाऱ्यात रेघा दिसतात का, प्रायमरी मार्गाचा प्रवाह सेटमधल्या इतर नोझलच्या मानाने किती आहे, हे मागा. स्टार्टच्या वेळी काम असतं ते प्रायमरी मार्गाचं, आणि तोच सगळ्यांत बारीक, त्यामुळे सगळ्यांत आधी चोंदणारा. काठावर पास झालेल्या नोझल थंड तळावरच्या विमानाला परत लावू नयेत, सेटमधून बदलाव्यात. खर्चाचा प्रश्न येतो हे मान्य, पण वारंवार फसलेल्या स्टार्टमध्ये स्टार्टर आणि हॉट सेक्शनवर (ज्वलन आणि टर्बाइनच्या भागावर) येणारा ताण पाहता मला यात दुसरा मार्ग दिसत नाही.

दोन इंजिनांचं विमान असेल तर एक निरीक्षण बराच वेळ वाचवतं. दोन्ही इंजिनं त्याच टाकीच्या इंधनावर, त्याच थंडीत उभी होती. एकच अडत असेल तर इंधनाला निर्दोष सोडा आणि त्या इंजिनाची नोझल, इग्नायटर, त्याला वीज देणारा एक्सायटर, स्टार्टर बघा. दोन्ही सारखीच अडत असतील तर कारण सामाईक: बॅटरी, तेलाचा प्रकार, आणि हो, त्या वेळी इंधनाची बॅचसुद्धा. डिझेलसारखा जड माल मिसळला गेला तर श्यानता आणि फ्रीझिंग पॉइंट दोन्ही चढतात. अशी शंका आली तर स्टार्टचा पुढचा प्रयत्न करायचाच नाही, नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवायचा.

घट्टपणा वेगळा, गोठणं वेगळं, बर्फ वेगळा

या तीन गोष्टींची गल्लत रोज होते आणि ती धोकादायक आहे. जेट ए-१ चा फ्रीझिंग पॉइंट उणे ४७ किंवा त्याहून खाली असतो. अमेरिकेत मिळणाऱ्या जेट ए चा उणे ४०. तिकडे काम करणाऱ्या आपल्या मंडळींनी हा फरक ध्यानात ठेवावा. उणे १५ ला इंधन गोठत नाही. पण त्यातलं पाणी गोठतं. २० अंशांना इंधनात ढोबळमानाने ६५ ते ७० पीपीएम (दहा लाखांत तेवढे भाग) पाणी विरघळून राहू शकतं, शून्याला त्याच्या निम्मं. थंड होताना जादा पाणी बाहेर पडतं आणि त्याचे स्फटिक होतात.

१७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ हीथ्रोच्या धावपट्टीच्या अलीकडेच उतरलं, कारण शेवटच्या टप्प्यात दोन्ही इंजिनांना पुरेसं इंधन मिळेना. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. त्या प्रवासात इंधनाचं किमान तापमान उणे ३४ होतं आणि त्या इंधनाचा फ्रीझिंग पॉइंट उणे ५७, म्हणजे इंधन गोठलेलं नव्हतं. ब्रिटिश तपास यंत्रणेने काढलेला निष्कर्ष असा की इंधनातल्या पाण्याचा बर्फ लाइनमध्ये साचला आणि सुटून इंधन-तेल हीट एक्स्चेंजरच्या तोंडावर येऊन बसला. त्याच तपासात आणखी एक गोष्ट पुढे आली: बर्फाचे स्फटिक सगळ्यांत चिकट असतात ते उणे ५ ते उणे २० या पट्ट्यात. आपल्या लडाखमधल्या हिवाळी सकाळी नेमक्या त्याच पट्ट्यात येतात.

म्हणून संप ड्रेन, म्हणजे टाकीच्या तळातून साचलेलं पाणी काढणं. तोही केव्हा? पहाटे वाल्व गोठलेला असताना काहीच बाहेर आलं नाही तर ‘पाणी नाही’ असा अर्थ काढू नका. बर्फ आत बसलेला असू शकतो. आदल्या दिवशी इंधन भरल्यावर, पाणी खाली बसायला वेळ देऊन, सूर्य मावळायच्या आत ड्रेन करा आणि वॉटर डिटेक्टर कॅप्सूलने तपासा. फिल्टर बायपासचा इशारा आला तर त्याचं कारण घट्ट इंधन नव्हे, बर्फ किंवा घाण, असं धरूनच पुढे जा. अँटी-आयसिंग अ‍ॅडिटिव्ह इंजिनाला मंजूर असेल तर ०.१० ते ०.१५ टक्के या प्रमाणात ते पाण्याला गोठू देत नाही. इंधन पातळ करत नाही. स्टार्टचा स्नॅग घालवायला ते ओतणं निरर्थक आहे.

प्रत्यक्ष उपाय आणि एक मोह

तापमान मोजताना बाहेरच्या हवेचं घेऊ नका, टाकीतलं घ्या. इंधन हवेच्या मागे रेंगाळतं; निरभ्र रात्री पंख आकाशाकडे उष्णता फेकत राहिले तर त्यांचा पत्रा हवेपेक्षाही थंड होतो. तरीही पहिल्या काही सेकंदांत नोझलला मिळतं ते टाकीतलं इंधन नव्हेच, ते नॅसेलमधल्या (इंजिनाच्या कवचातल्या) लाइन आणि फ्युएल कंट्रोल युनिटमध्ये रात्रभर पडून राहिलेलं. त्यामुळे संध्याकाळी बाउजरमधून (इंधनाच्या टँकरमधून) ऊबदार इंधन भरून काही साधत नाही. प्रीहीटची गरम हवा ऑइल टँक, गिअरबॉक्स, फ्युएल कंट्रोल आणि नोझल मॅनिफोल्डपर्यंत पोचली पाहिजे. पुढून इनटेकमध्ये दहा मिनिटं हवा मारून कव्हर लावणं म्हणजे प्रीहीट नव्हे. रात्री इंजिनाची कव्हरं नीट बसवणं याने तर पुष्कळ फरक पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

फसलेल्या स्टार्टनंतर कंबस्टरमध्ये (ज्वलनकक्षात) न जळलेलं इंधन साचलेलं असतं. ते ड्रेन होऊ द्या, मॅन्युअलप्रमाणे ड्राय मोटरिंग करा, स्टार्टरची विश्रांतीची वेळ पाळा. घाईत लगेच दिलेला पुढचा स्टार्ट टेलपाइपमधून ज्वाळा काढतो.

मोह कोणता, तर स्टार्टचं इंधन ‘थोडं रिच’ करण्याचा, म्हणजे वाढवण्याचा. कंट्रोल युनिटवर समायोजनाची सोय असते, जानेवारीत तसं केलं तर स्टार्ट लागतोही. मग तेच विमान मे महिन्यात नागपूरला येतं. हवा ४५ अंशांवर, उन्हात उभ्या बाउजरमधलं इंधन ४० च्या पुढे, श्यानता १.२ वर, फवारा उत्तम आणि इंधन गरजेपेक्षा जास्त. तापमानाचा काटा लाल रेषेकडे धावतो. थंडीतल्या हुकलेल्या स्टार्टने इंजिनाचं जे नुकसान होत नाही, ते उन्हाळ्यातला एक हॉट स्टार्ट करून जातो. नोझल किंवा वेगाचा दोष इंधन वाढवून झाकू नका.

उन्हाळ्यातच स्टार्ट मंद लागत असेल, काटा वर जायला वेळ लावत असेल, आणि थंडीत काहीच तक्रार नसेल, तर मात्र नोझल सोडून पंपाकडे बघा. झिजलेल्या गिअर पंपात दातांच्या फटीतून इंधन मागे गळतं, आणि पातळ इंधन जास्त गळतं. कमी वेगात ही गळती प्रवाहाचा मोठा हिस्सा खाते. थंडीत घट्ट इंधन त्या फटी भरून काढतं, म्हणून तेव्हा पंप धडधाकट वाटतो. नोझल थंडीत उघडी पडते, पंप उन्हाळ्यात. यासाठी वर्षभराच्या नोंदी हाताशी हव्यात, आणि तिथेच आपण कमी पडतो. ‘पहिला स्टार्ट फसला, दुसरा लागला’ एवढ्या ओळीवरून कुणालाही काही शोधता येत नाही.

पुढच्या वेळी हा स्नॅग लिहाल तेव्हा सोबत एवढं लिहा: टाकीतल्या इंधनाचं आणि तेलाचं तापमान, बॅचची उणे २० ची श्यानता, इंधन सोडताना इंजिनाचा वेग, क्रँकिंग करताना बॅटरीचं सर्वांत खाली गेलेलं व्होल्टेज, काटा हलायला लागलेले सेकंद, आणि दुसरं इंजिन कसं लागलं. फसलेल्या आणि लागलेल्या अशा दोन्ही प्रयत्नांचे हे आकडे शेजारी शेजारी लिहा, आणि नोझल शॉपला जाईल तेव्हा तिच्यासोबत हा कागदही जाऊ द्या.